कृमीला धरायला चिप आहे, टोचायला मात्र सुईच लागते

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीला अ‍ॅगरोज पॅडवर (वाळवलेल्या जेलीच्या पातळ थरावर) तासाला दहा-बारा कृमींच्या पुढे इंजेक्शन देता येत नाही. कृमी एकतर पॅडला चिकटत नाहीत, नाहीतर असे चिकटतात की सोडवेपर्यंत वाळून जातात. मायक्रोफ्लुइडिक चिपवर (केसाएवढ्या बारीक वाहिन्या असलेल्या पट्टीवर) मिनिटाला सहा-सात कृमी होतात असे त्यांच्या वाचनात आले आहे. अशी चिप स्वतः बनवता येईल का, मापे काय ठेवावीत, आणि त्यामुळे ट्रान्सजेनिक ओळी (बाहेरचा जीन पुढच्या पिढ्यांत टिकवणारे वंश) जास्त मिळतील का, हे त्यांना हवे आहे.

तुम्ही ज्या आकड्याचा उल्लेख केला आहे तो बहुधा मॅकगिल विद्यापीठातल्या गटाच्या २०१६ मधल्या स्वयंचलित चिपचा असावा: २०० कृमी, मिनिटाला सरासरी ६.६, आणि ७७.५ टक्के यश. आकडा खरा आहे. पण असे निबंध वाचताना 'यश' कशाला म्हटले आहे ते आधी शोधा. द्रव कृमीच्या शरीरात गेला हे एक यश, आणि पुढच्या पिढीत तुमचा जीन दिसला हे दुसरे. दोन्हींमध्ये मोठे अंतर आहे, आणि तुम्हाला हवे आहे ते दुसरे.

एका कृमीवर जाणारा वेळ चार तुकड्यांत मोडून पाहा: उचलून पॅडवर ठेवणे, गोनाड (प्रजननग्रंथी) शोधून फोकस करणे, टोचणे, आणि सोडवून प्लेटवर नेणे. चिप पहिला आणि चौथा तुकडा खूप छोटा करते. दुसऱ्याला थोडी मदत करते, कधी उलट अडथळा आणते. तिसऱ्यात तिचा काहीच वाटा नाही. सुई बंद पडणे, टोक फार रुंद तुटणे, गोनाडऐवजी शरीरपोकळीत टोचले जाणे या सगळ्या अडचणी चिपवरही तशाच राहतात, काही तर वाढतात. म्हणून आठवडाभर नोंद ठेवा की वेळ नेमका कुठे जातो. अर्धा तास सुया बदलण्यात जात असेल तर चिपवर खर्च करायची ही वेळ नाही.

किती कृमी लागणार यावरही बरेच अवलंबून आहे. एका कन्स्ट्रक्टसाठी (टोचायच्या तयार डीएनए तुकड्यासाठी) साधारण २० ते ३० पी-शून्य, म्हणजे प्रत्यक्ष टोचल्या जाणाऱ्या पिढीतले, कृमी टोचले तर बहुतेक वेळा काम होते. महिन्याला दोन-तीन कन्स्ट्रक्ट असतील तर पॅड पुरेसा आहे. शेकडो कन्स्ट्रक्टची लायब्ररी असेल, किंवा एखादे प्रथिन, रंगद्रव्य वा विष शेकडो कृमींत नेमक्या मात्रेत सोडायचे असेल, तर चिपचा हिशेब बसतो. लायब्ररीच्या बाबतीतही आधी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली टार्डिस पद्धत वाचा. तिच्यात हजारो क्रम एकाच अ‍ॅरेत (जीनोमबाहेर एकत्र राहणाऱ्या डीएनएच्या गुच्छात) घालून नंतर वेगवेगळ्या वंशजांत जीनोममध्ये बसवले जातात, त्यामुळे इंजेक्शनांची संख्याच कमी होते. काम वेगाने करण्याआधी ते टाळता येते का हे बघितलेले बरे.

काय टोचायचे आहे हेही पाहा. द्विसूत्री आरएनए असेल तर नेम चुकला तरी चालते. आतड्यात किंवा शरीरपोकळीत गेलेला आरएनएसुद्धा पेशींमध्ये पसरतो आणि पिल्लांपर्यंत पोहोचतो. चिपसाठी हे आदर्श काम. डीएनए किंवा कॅस९ (क्रिस्पर जीन-संपादनातले डीएनए कापणारे प्रथिन) असेल तर मात्र गोनाडच्या दूरच्या बाजूच्या सिन्सिशियममध्ये, जिथे अनेक केंद्रके एकाच पेशीद्रव्यात असतात, तिथेच जायला हवे. १९९१ मध्ये क्रेग मेलो आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत याच जागेवर उभी आहे. चिपची एक मोठी अडचणही इथेच येते. पॅडवर तुम्ही पिकने (बारीक तारेने) कृमी हवा तसा वळवता. चॅनेलमध्ये तो गोल नळीसारखा कोणत्याही अंगावर पडतो. तुम्हाला पाठीची बाजू सुईकडे आणि व्हल्व्हा (अंडी बाहेर पडायचे छिद्र) विरुद्ध बाजूला हवा. बरेच कृमी तसे पडणार नाहीत. अशा कृमीला उलट्या प्रवाहाने मागे ढकलून पुन्हा आत घेण्याला पर्याय नाही. निबंधातला वेग तुमच्या हाती येणार नाही याचे हे मुख्य कारण.

चिपकडे वळण्याआधी पॅडची तक्रार मिटवून घेऊ, कारण ती बहुधा हवेची आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर पॅड हवेतला ओलावा ओढतात आणि कृमी नुसते घसरत राहतात. पाण्यात २ टक्के अ‍ॅगरोज, कव्हरस्लिपवर एक मोठा थेंब, वरून दुसरी कव्हरस्लिप दाबून पातळ थर, मग ८० अंश सेल्सिअसला तासभर. आणि लगेच सिलिका जेल असलेल्या घट्ट डब्यात. उघडे ठेवलेले पॅड काही तासांत निकामी होतात. उलट एसीच्या कोरड्या खोलीत तेच पॅड कृमीतले पाणी झपाट्याने ओढतात. तेव्हा कमी तापवलेला पॅड घ्या किंवा वापरायच्या आधी त्यावर हलकी फुंकर मारा. हॅलोकार्बन तेलाचा थेंब आधी, कृमी नंतर, आणि पॅडवर प्रत्येकाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. एवढ्याने तुमचा वेग दुप्पट झाला तर चिपचा विचार पुढे ढकलायला हरकत नाही.

आता चिप. सी. एलेगन्सला धरायचे अनेक मार्ग आहेत: निमुळता चॅनेल, बाजूने सक्शन, वरून दाबणारा पातळ पीडीएमएसचा (पारदर्शक सिलिकॉन रबराचा) पडदा, थंडावा, कार्बन डायऑक्साइड. पडद्याची सोपी रचना, सध्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) असलेल्या संध्या कौशिका यांच्या गटाने २०११ मध्ये चेतापेशींमधली वाहतूक पाहण्यासाठी वापरली होती, आणि इमेजिंगला ती उत्तम आहे. पण इंजेक्शनला पडदा आणि छत दोन्ही नडतात, कारण सुई आत यायला वाट लागते. काचेच्या सुईचे टोक एक मायक्रोमीटरच्या आसपास असते. पीडीएमएस मऊ असले तरी त्यातून ते टोक घुसवले की तुटते किंवा भरून बंद होते. म्हणजे भिंतीतून टोचायचे नाही. सुईला मोकळी जागा द्यायची.

बंद चिपमध्ये ही जागा किती अडचणीची होते याचा हिशेब करून पाहा. चॅनेल ६० मायक्रोमीटर उंच, सुईचे टोक मध्यावर म्हणजे ३० वर. सुई १५ अंशांनी उतरत असेल आणि तिला छताखालून ३०० मायक्रोमीटर जायचे असेल, तर त्या अंतरात ती ८० मायक्रोमीटर वर चढते. म्हणजे छताला आपटणार. कोन ८ अंश आणि छताखालचे अंतर २०० मायक्रोमीटर केले तर चढ २८ होतो आणि सुईचा मध्य कसाबसा ५८ वर बसतो. सुईची स्वतःची जाडी त्यात धरलेलीच नाही. ब्लेडने पीडीएमएस इतक्या जवळ स्वच्छ कापणे हाताला जमत नाही. तेवढ्या सपाट कोनात सुईचा होल्डर चिपच्या कडेला किंवा स्टेजला टेकतो, हे आणखी वेगळे. काही गटांनी सुई चिपमध्येच कायमची बसवून चिपचा लवचिक भाग हलवायचा मार्ग काढला आहे. तो हुशारीचा आहे, पण सुई बंद पडली की चिपही जाते.

म्हणून पहिल्या प्रयत्नाला अर्धी उघडी चिप बनवा. तिच्यात कृमी बसेल असा वरून उघडा चर असतो. फक्त सक्शनच्या वाहिन्यांवर छत. सुई वरून नेहमीच्या कोनात येते, टोक बदलता येते, कृमी पिकने थोडा फिरवताही येतो. आपोआप भरणे मिळत नाही, पण पॅड आणि वाळणे या दोन्ही कटकटी जातात.

मापे वयावर ठरवा. आदल्या संध्याकाळी एल-४ (प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अळी) अवस्थेतले कृमी वेगळे करून २० अंशांवर ठेवले की दुसऱ्या दिवशी पोटात मोजकी अंडी असलेले तरुण प्रौढ मिळतात: लांबी मिलिमीटरच्या आसपास, व्यास ५० ते ६० मायक्रोमीटर. त्यांना ६० उंच, ६५ रुंद आणि १.२ मिलिमीटर लांब चर ठेवा. एकाच साच्यावर ५५, ६५ आणि ७५ रुंदीचे तीन चर काढा. वेगळ्या साच्याचा खर्च वाचतो आणि तुमच्या स्ट्रेनला कोणता बसतो ते कळते. अंडी पोटात साठवणारे म्युटंट जाड असतात, डम्पी कृमी आखूड आणि जाड असतात, तेव्हा एकच माप सगळ्यांना चालणार नाही. सुईच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीत शरीराच्या मधल्या भागात आठ-दहा सक्शनची तोंडे हवीत, प्रत्येक १५ मायक्रोमीटर रुंद आणि १० ते १५ उंच. याहून मोठी ठेवली की त्वचा आत ओढली जाते आणि गोनाड जागचा हलतो. बारीक ठेवली की कचरा अडकून ती बुजतात.

दोन उंचींसाठी दोन थरांचा साचा लागतो: आधी एसयू-८ (प्रकाशाने घट्ट होणारे रेझिन) २०१० या प्रकाराचा पातळ थर, मग त्यावर जुळवून एसयू-८ २०५० चा जाड. १५ मायक्रोमीटरच्या रेषांना फिल्म मास्क (प्लॅस्टिकवर छापलेला आराखडा) जेमतेम चालतो. कडा खडबडीत आल्या तर क्रोम मास्क घ्या. स्वतःची क्लीनरूम नसेल तर आयआयटी मुंबईची सुविधा आयएनयूपी या नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सच्या सरकारी कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांना मिळू शकते. साच्यावर फ्लोरोसिलेनची वाफ तासभर द्या, नाहीतर पहिलाच पीडीएमएस निघताना एसयू-८ सकट येईल.

पीडीएमएस १० भागांना १ भाग क्युरिंग एजंट, बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत निर्वातात, मग साच्यावर साधारण २०० मायक्रोमीटरचा थर स्पिनरवर फिरवून ७० अंशांवर दोन तास. थर सोलण्याआधीच त्याच्या सपाट पाठीवर प्लाझ्मा देऊन काच चिकटवा, आणि नंतर काचेसकट उचला. एवढा पातळ थर हाताने सोलला की सुरकुततो. सुरुवातीला कव्हरस्लिपऐवजी स्लाइड वापरा, कारण कव्हरस्लिप या पायरीला हमखास तडकते. स्लाइडमधून पाहायला ४०× लाँग वर्किंग डिस्टन्स ऑब्जेक्टिव्ह लागेल, करेक्शन कॉलर असलेला. सक्शनवर छत म्हणून ब्लेडने सरळ धार दिलेला पीडीएमएसचा तुकडा ठेवायचा, त्याची धार चराच्या काठाशी यायला हवी. प्लाझ्मानंतर मधे मिथेनॉलचा थेंब सोडा. तो उडेपर्यंत तुकडा सरकवून जुळवता येतो. जुळला की ८० अंशांवर ठेवा. हे छत ३ मिलिमीटरपेक्षा जाड करू नका.

सक्शनला १० मिलिलिटरची सिरिंज आणि थ्री-वे कॉक पुरतो. नियामक असलेला पंप असेल तर १० किलोपास्कलपासून सुरू करून ३० च्या पुढे जाऊ नका. कृमी समोर आला की मगच सक्शन उघडा. रिकाम्या तोंडातून द्रव सतत खेचला गेला की चर कोरडा पडतो आणि वाहिन्यांत हवा शिरते. हवेचा बुडबुडा अडकलेला असेल तर सक्शन लवचिक होते, कृमी धरल्यासारखा दिसतो आणि सुई लागताच सुटतो. म्हणून चिप भरताना आधी इथेनॉल, मग पाणी, मग एम-९ (कृमींसाठीचे क्षारयुक्त बफर). आणि चरातले एम-९ उघडे असल्याने क्षार दाट होत जातात. दर पाच-दहा मिनिटांनी एक थेंब शुद्ध पाणी घाला.

कृमी स्वच्छ असणे चिपसाठी पॅडपेक्षा जास्त महत्त्वाचे. अर्धा-एक तास जिवाणू नसलेल्या प्लेटवर सोडा, मग ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या एम-९ मध्ये तीनदा धुवा; ट्रायटनमुळे कृमी पिपेटला आणि पीडीएमएसला चिकटत नाहीत. ४० मायक्रोमीटरच्या गाळणीवर प्रौढ राहतात, अंडी आणि एल-१ (नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या) खाली जातात. बफर ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढलेले हवे. लेव्हामिसॉल शक्यतो टाळा. त्याने कृमी स्थिर होतो, पण आकसतो आणि अंडी बाहेर टाकतो. सक्शन आहे तर त्याची गरजही नाही.

आता सुई. तेलातून पाण्यात आल्यावर तिचे वागणे बदलते, आणि चिपवर पहिल्यांदा काम करणारे बरेच जण इथेच अडतात. पॅडवर सुईचे टोक हॅलोकार्बन तेलात असते: आतला थेंब दिसतो, त्याच्या व्यासावरून मात्रा काढता येते (५० मायक्रोमीटरचा थेंब म्हणजे ६५ पिकोलिटर, १०० चा म्हणजे सुमारे ५२० पिकोलिटर), आणि तेल सुईत वर चढत नाही. एम-९ मध्ये थेंब दिसतच नाही, कारण पाण्यात पाणी मिसळते. शिवाय केशाकर्षणाने एम-९ टोकातून वर चढते आणि तुमचे मिश्रण पातळ करते. पहिले दोन-तीन कृमी ठीक, मग पिल्लांत काहीच दिसत नाही, सुई तर वाहते आहे, असे झाले तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. उपाय म्हणजे दोन टोचण्यांच्या मधल्या वेळेतही सुईवर हलका दाब, १ ते ३ पीएसआय. तो किती हवा हे टोकाच्या छिद्रावर ठरते. मिश्रणात थोडे फ्लुओरेसंट डेक्स्ट्रान घालून पाहिले की टोकाशी अगदी बारीक धूर दिसेल इतका ठेवायचा. त्याहून जास्त ठेवला तर कॅस९ वाया जाते आणि चर रंगीत होतो.

मात्रेची मोजणी वेगळ्या कव्हरस्लिपवर तेलाच्या थेंबात करून मगच सुई चिपवर आणा. टोक तोडायचेही तिथेच, कव्हरस्लिपच्या धारेवर हलके घासून. एक मिलिमीटर बाह्य व्यासाची, आत फिलामेंट असलेली बोरोसिलिकेट नळी घ्या. मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये पूर्ण वेगाने पाच-दहा मिनिटे फिरवा आणि वरच्या भागातूनच १ ते २ मायक्रोलिटर भरा. डीएनए अ‍ॅरेसाठी एकूण १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या आसपास; त्यात मायो-२ प्रवर्तकाचा लाल मार्कर (डीएनए बसला हे दाखवणारी खूण) असेल तर तो २.५ एवढाच, कारण जास्त झाला तर पिल्ले मरतात. पीआरएफ-४ हा कृमीला लोळवणारा मार्कर मात्र ५० ते १०० चालतो.

टोचताना दाब २० ते ३५ पीएसआय, वेळ सेकंदाच्या आत. सुई त्वचेला टेकली की चिप धरलेला स्टेज हलक्या हाताने ठोका. मॅनिप्युलेटरने ढकलत राहिलात तर त्वचा नुसती दबते. द्रव सिन्सिशियममध्ये गेला तर मधल्या पोकळीतून लाट सरकताना दिसते आणि केंद्रके कडेला सरतात. ती लाट न दिसता सगळा कृमी फुगला तर तुम्ही शरीरपोकळीत आहात. डीएनएसाठी तो कृमी बाद धरा. सुई काढण्याआधी सक्शन अर्ध्यावर आणा. पूर्ण सक्शनवर सुई काढली की आतला दाब छिद्रातून गोनाड बाहेर ढकलतो, आणि पॅडपेक्षा चिपवर हे जास्त दिसते. दुसरा गोनाड आतड्याच्या पलीकडे जातो. चिपवर त्याच्या मागे लागू नका.

क्रिस्परसाठी प्रत्येक पी-शून्य वेगळ्या प्लेटवर जायला हवा, म्हणून अर्ध्या उघड्या चिपमधून पिपेटने एकेक काढणे सोयीचे. पुढे बंद चिप केलीत तर बाहेरची नळी आखूड ठेवा. अर्धा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १० सेंटिमीटर नळीत जवळपास २० मायक्रोलिटर द्रव राहतो, आणि तेवढ्यात आधीचा कृमी कुठेतरी अडकलेला असतो. मग कोण कोणाचे कळत नाही.

पहिल्या आठवड्यात डीएनए वापरू नका. तीन गट करा: चिपवर न गेलेले, चिपवर सक्शनखाली दोन मिनिटे ठेवून काढलेले, आणि नुसते बफर टोचलेले. २० अंशांवर प्रत्येकाची पिल्ले मोजा. एन-२ या प्रमाण स्ट्रेनला साधारण ३०० व्हायला हवीत. दुसऱ्या गटातच आकडा पडला तर सक्शन जास्त आहे किंवा पीडीएमएस नीट क्युअर झालेला नाही. चिप रात्रभर ७० अंशांवर ठेवून, पाण्याने धुवून पुन्हा पाहा. फक्त तिसऱ्यात पडला तर सुईचे छिद्र रुंद आहे किंवा मात्रा जास्त. पहिल्यातच कमी असेल तर कृमी धुण्यात किंवा उपाशी ठेवण्यात गडबड आहे, आणि चिपला हात लावायची गरज नाही.